तुझं माहेर विकताना

विचुंबे,
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

जनीबाय,

सगळ्यांत पयला आला तो भावेश. वरच्या आळीतला, लहानपणी आपल्या शेवग्यावर शेंगा चोरायला चढला आन् हात मोडून घेतला, तोच. आता बिल्डर झालाय. गळ्यात चैन अशी, की म्हशीला बांधली तर म्हैस जागची हलायची नाय. बुटासकट पडवीत आला, मंग मी बघितलं तेव्हा एक बूट काढला आन् दुसरा पाय बाहेर सोडून बोलत बसला. "काकी, चहा नको, शुगर हाय," म्हणाला आन् नारळीभाताच्या दोन वाट्या खाल्ल्या.

मी पण बघ, पेरणी राहिली आन् कणसाचं सांगत बसले. तर सांगायचं ते हे, की घर विकायचं ठरलंय. लिहिलं एकदाचं. फोनवर तुला ऐकू येत नाय, आन् मोबाईलात लिहिलं तर तुझा प्रितेश आधी वाचतो, मंग सगळं केगाव वाचतं, म्हणून कागदावर लिहिते. अक्षराला हसू नको. दुसरीतून काढली मला भात लावायला, त्यावर एवढं येतं हेच खूप. पाकिटावरचा पत्ता अनुया लिहील. आतलं मी तिला दाखवणार नाय, नातीला आजीच्या चुका काढायला फार आवडतं.

तुझं माहेर हाय, तुला सांगायला पायजे होतं. पण तू गौरीला आलीस तेव्हा काय ठरलेलंच नव्हतं गं. तू गेलीस आन् दुसऱ्या दिवसापासून लोकांची रांग लागली.

भावेशचा भाव सगळ्यांत वरचा. त्याला शेजारचं अंगण पण मिळालंय. दोन्ही मिळून सात मजले चढवणार. घर पाडणार म्हणजे.

दुसरा आला प्रणित म्हणून, पनवेलच्या बाजारातला, मांडवाचं सामान भाड्यानं देतो. त्यानं घराकडं बघितलंच नाय, नुसता भिंती वाजवत फिरला, नारळ घेताना वाजवतात तसा. देवघराची भिंत काढली तर शटर बसेल का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आधी देवाला विचारून ये." सगळे पैसे एकदम देतो म्हणतो, पण भाव पार खालचा.

तिसरी ती नवराबायको. स्वानंद आन् रेवा. डोंबिवलीची, इथं नवीन पनवेलला भाड्यानं राहतात. दोघं नोकरीला, पण तो बुधवारी घरी बसून हापीस करतो म्हणे. घरी बसून हापीस! मी घरी बसले तर तुझा भाऊ म्हणायचा, "दिवसभर करतेस काय?" त्यांना घर हाय तसं पायजे. पाडायचं नाय, राहायचं. ती पोरगी अंगणात उभी राहिली आन् म्हणाली, "आजी, हा शेवगा राहू द्या हं." जसा काय मी पिशवीत घालून नेणार होते. त्यानं विचारलं, "भिंतींना ओल येते का, आजी?" मी म्हटलं, "येते ना, त्या कोपऱ्यात. म्हणून तर तिथं कपाट ठेवलंय." आमच्या केतनला असा खोकला लागला, की सुनेला, मनस्वीला, पाणी आणायला धावावं लागलं. त्यांचा भाव मधला, आन् बँकेचं कर्ज काढून देणार.

पयल्यांदा दारात आलेली सवाष्ण, रिकामी कशी पाठवायची? माझ्या हातून आता चालत नाय, म्हणून मनस्वीच्या हातून तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं. लाजली बिचारी. पदर नव्हता, तर ओढणी पसरली.

आता आमची जायची जागा सांगते. नवीन पनवेलला पाचवा मजला. जनी, लिफ्ट हाय! मी बघायला गेले तर तीनदा वर गेले आन् तीनदा खाली आले. केतन म्हणाला, "आई, बस झालं, जत्रेतला पाळणा नाय तो." खिडकीतून प्रबळगड दिसतो. नळाला गरम पाणी. गुडघे म्हणाले, वेणूबाय, आता आमाला पण पेन्शन.

दाजींच्या पाठीला तो लेप लावतेस ना? तुझं पण पत्र पाठव. वाईट वाटून घेऊ नको.

तुझी वैनी,
वेणू


केगाव, उरण,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

वैनी,

पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. प्रितेशनं वाचलं नाय.

नारळीभात नारळी पुनवेला करतात. गौरीनंतर कोण करतं? म्हणजे भावेश श्रावणातच येऊन गेला. गौरीला मी आले, तीन दिवस तुझ्या मांडीला मांडी लावून बसले, आन् तू मला फुलं कशी महाग झाली ते सांगत होतीस.

बुधवारी तू मला म्हणालीस, "जनी, उठ, मला पनवेलला डॉक्टरकडं चारची वेळ हाय, तुला रिक्षात बसवते." मी जेवलेलं ताट पण उचललं नव्हतं. ओटीचं मी म्हणाले नाय, मनस्वीनंच म्हटलं, "आई, आत्यांची ओटी राहिली." तू म्हणालीस, "पुढच्या खेपेला भरू, वेळ होतोय."

रिक्षा कोपऱ्यावर थांबली, रिक्षावाल्याला पुड्या घ्यायच्या होत्या. तिथं दोन माणसं आली, एक पोरगा आन् एक पोरगी. मला काय तरी विचारलं. मला ऐकू आलं नाय, मी कानाला हात लावला. पोरीनं मोबाईल पुढं केला. त्यात आपल्या घराचा फोटो. निळं फाटक, पडवी, दादानं बसवलेली लादी. खाली आकडा. मला वाचता येतं, वैनी, चौथी झालेय मी, तुझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त.

मी बोट करून वाट दाखवली. सरळ जा, डाव्या हाताला शेवग्याचं घर. पोरीनं हात जोडले. मंग रिक्षा निघाली. मागच्या काचेतून ती तुझ्या फाटकाशी पोचलेली दिसली. तू दारात उभी होतीस. नवीन लुगडं नेसलेलीस. एवढ्यात कधी बदललंस?

राग नाय. घर तुमचं. मी वीस वर्षांमागं सही करून दिलेय.

एकच विचारते. गौरीपुढं हिरवा खण ठेवलेला मी पूजेच्या दिवशी बघितला होता. त्या पोरीला दिलेला खण कुठल्या रंगाचा होता?

जनी


विचुंबे,
बुधवार, १७ सप्टेंबर

जनीबाय,

हिरवा.

दोन दिवस दुसरा रंग शोधत होते लिहायला. जांभळा लिहावा, मोरपंखी लिहावा. मंग वाटलं, तू वाट दाखवलीस आन् मी रंग पण खरा सांगू नये?

तुझ्यासाठी काढलेला खण, तुझ्यासाठी काढलेला नारळ, फळीवर ताटात झाकून ठेवलेलं. तू गेलीस आन् घटकेत ती दारात. मनस्वी आत माझ्या कानाशी आली, "आई, ही आत्यांची ओटी ना?" मी म्हटलं, "गप, भर." तिनं भरली. माझ्याकडं बघितलं नाय भरताना. आजपर्यंत त्या विषयावर बोललेली नाय. सून बोलत नाय तेव्हा सासूनं समजावं, की सगळं बोलून झालं.

डॉक्टर नव्हता, जनी. डॉक्टरकडं मी महिन्यात गेलेले नाय. लुगडं तू रिक्षात बसलीस तेव्हाच बदललं. लोक घर बघायला येणार, बाई मळकी दिसली तर घर मळकं वाटतं, असं केतन म्हणाला होता.

भावेश श्रावणातच आला, तुझं खरं. तेव्हापासून ठरत होतं. गौरीला तुला सांगायचं म्हणून रोज रात्री ठरवायची आन् रोज सकाळी तुझा चेहरा बघून गिळायची. तू चुलीपुढं बसून म्हणालीस, "वैनी, इथं आले की मला दहा वर्षांची झाल्यासारखं वाटतं." मंग कसं सांगू? सांगितलं असतं तर तू रडली असतीस. तू रडली असतीस तर मी थांबले असते. आन् मला थांबायचं नव्हतं.

सहीचं लिहिलंस म्हणून आठवलं. हक्कसोड करायला तू पनवेलच्या हापिसात आलीस. उन्हात तीन तास बाकावर बसलीस. साहेबानं विचारलं, "बाई, हक्क सोडताय, समजतं ना?" तू म्हणालीस, "भाऊ हाय ना माझा, हक्क कुठं जातोय?" आमी तुला एक साडी घेतली आन् हॉटेलात मिसळ खायला घातली. मिसळ तुला तिखट लागली, मी हसले.

इथं निराळाच घोळ झालाय. ओटी भरलेली गावात पसरली. म्हणतात, वेणूबायनं डोंबिवलीवाल्यांना शब्द दिला, लेकीसारखी ओटी भरली. मी म्हटलं, अगं बायांनो, मी रीत केली, शब्द नाय दिला. पाणवठा गेला गावातनं पण पाणवठ्याची तोंडं राहिली. भावेश फाटकातूनच म्हणाला, "काकी, माझ्याशी भाव बोलायचा आन् ओटी दुसऱ्याची भरायची, हा कुठला धंदा?" केतन तर तोंड फिरवून हिंडतोय. म्हणतो, "आई, तू कुणालाही पाणी दे, चहा दे, पण डील होईस्तोवर नारळ देऊ नको."

तर आता असं हाय. प्रणितनं दुसरीकडं जागा बघितली, तो गेला. उरले दोन. भावेशला दिलं तर पाचवा मजला, लिफ्ट, केतनला गाडी लावायला जागा. घर जमीनदोस्त. रेवाला दिलं तर त्या पैशात ते घर बसत नाय, मंग जुन्या बिल्डिंगीत दुसरा मजला, लिफ्ट नाय, गुडघ्यांची पेन्शन रद्द. पण घर उभं राहतं.

मला वाटतं तुला ते उभंच पायजे असणार. तू जन्मलेलं घर हाय. तू सांग, जनी. या खेपेला तू सांगशील तसं. पितरांचा पंधरवडा हाय तोवर कुणी बयाण्याचं बोलणार नाय, सगळे थांबलेत. तू वेळ घे.

केतनला मी सांगितलंय, आत्या सांगेल ते. तो म्हणाला, "आत्याची सही झालेय." मी त्याला ताट वाढलं नाय त्या दिवशी. मंग वाढलं. आई हाय ना.

वेणू


केगाव,
मंगळवार, २३ सप्टेंबर

वैनी,

पाडा.

तुला वाटलं मी घर राहू द्या म्हणीन. पन्नास वर्षं मला ओळखतेस आन् एवढं पण कळलं नाय?

तू त्या पोरीची ओटी भरलीस. त्या घरात, गौरीच्या दिवसांत, लेकीसाठी काढलेल्या खणानं. मंग ती लेक झाली त्या घरची. मी कोण? मी उरणची एक बाई, पाव्हण्यांना वाट दाखवणारी.

उद्या मी त्या रस्त्यानं जाईन, आन् माझ्या बापाच्या पडवीत ती झोपाळा बांधून बसलेली असेल. मला बघून उठेल, "या ना आजी, पाणी घेता का?" म्हणेल. चांगल्या घरची दिसते, नक्की म्हणेल. आन् मी माझ्या घरात पाव्हणी म्हणून पाणी पिऊ? त्यापेक्षा सात मजले चढलेले बरे. सात मजल्यांत माझं काय नाय म्हणून मान खाली घालून पुढं जाईन.

तुझे दाजी म्हणाले, "जने, असं लिहू नको, वैनी मनाला लावून घेईल." लावून घे.

तुला लिफ्ट मिळेल. केतनला गाडी लावायला मिळेल. भावेशला सांग, पाड.

खण हिरवा होता ते खरं सांगितलंस, तेवढं बरं केलंस.

जनी


विचुंबे,
शनिवार, २७ सप्टेंबर

जनीबाय,

तुझं पत्र वाचून मी आधी काय केलं ते सांगते, मंग तुला जे म्हणायचं ते म्हण. मी हसले. मोठ्यानं. मनस्वी आतून आली बघायला, म्हातारीला काय झालं म्हणून. मला आनंद झाला, जनी. लिफ्ट मिळाली, प्रबळगड मिळाला, केतन घरात बोलायला लागेल, आन् घर पाडल्याचा बोल लागणार तर तो तुला लागणार, मला नाय. एवढं सगळं एका शब्दात! मी चपला घातल्या आन् भावेशच्या हापिसात निघाले पण.

मनस्वी दारात म्हणाली, "आई, आत्यांनी रागात लिहिलंय ते."

मी म्हटलं, "रागात का असेना, लिहिलंय ना?"

हे तोंडातून गेलं आन् माझं मलाच ऐकू आलं. केतनची "सही झालेय" आन् माझी "लिहिलंय ना", दोघांत काय फरक? लेक उगाच तसा झाला नाय. तरी मी गेलेच. पाय थांबले नाय, हे पण तुला खरं सांगते.

भावेशनं बर्फासारखं गार हापीस केलंय. भिंतीवर आपल्या जागेवरची बिल्डिंग काढून लावलीय. खाली गाड्या, झाडं, आन् एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली. मी विचारलं, "ही कोण रे?" तो म्हणाला, "चित्रातली हाय, काकी. फ्लॅटबरोबर येत नाय." वर नाव लिहिलेलं, आनंदा हाइट्स. म्हणाला, "काकांच्या नावानं, काकी. मान ठेवला." तुझा भाऊ गच्चीवर चढला की त्याला चक्कर यायची, आठवतं ना? शिडी धरायला मला बोलवायचा. त्याच्या नावाचे सात मजले!

भावेश म्हणाला, "मंग काय, हो ना?" माझ्या जिभेवर हो होतं. आन् मला तो हापिसातला साहेब आठवला, "बाई, समजतं ना?" विचारणारा. तेव्हा तू मायेनं सही दिलीस, ती आमी घेतली. आता रागानं हो दिलास, तो पण मी उचलू? तुझी माया पण आमच्या कामाला आली आन् तुझा राग पण येणार? मी म्हटलं, "भावेश, दोन दिवस दे." तो म्हणाला, "काकी, मी थांबेन, भाव थांबणार नाय."

परवा ती रेवा आली, एकटीच. मी तिला बसवलं आन् सगळं सांगितलं. ओटी तुझी नव्हती बाय, माझ्या नणंदेची होती, तिला मी खोटं बोलून घालवली आन् तिचा खण तुला दिला. पोरगी पांढरी पडली. म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या आजी? त्यांनीच आम्हाला रस्ता दाखवला." तो खण तिनं जपून ठेवलाय म्हणे, तांदूळ पण तसेच हायेत, कारण त्याचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आईला विचारणार होती. म्हणाली, "आजी, ओटी परत देत नाहीत हे मला माहितीये. पण तुम्ही आम्हाला शब्द दिलाय असं अजिबात समजू नका. तुमच्या मनात असेल तर घर त्यांना द्या." आन् उठली. चहा तसाच राहिला.

झालं. गाव म्हणत होतं मी तिच्या शब्दात अडकलेय, तो शब्द तिनं सोडवला. तुझं मन मोडतंय म्हणत होते, तू पाडा म्हणालीस. लेकाला तेच पायजे. आता अडवायला कुणीच उरलं नाय. आता जे करीन ते माझंच.

म्हणून आता आतलं सांगते. कुणाला सांगितलेलं नाय. मला हे घर सोडायचा आनंद झालाय. आजचा नाय, श्रावणापासूनचा. आयाबाया येतात, "वेणूबाय, इतक्या वर्षांचं घर, कसं गं सोडवतं?" म्हणतात, आन् मी पदर डोळ्याला लावते. पदराच्या आत मी हसत असते. तुझं ते माहेर, जनी, पण माझं ते सासर. तू उंबऱ्यातून आत यायचीस आन् तुझ्या हातात पाण्याचा तांब्या यायचा. तो भरून आणणारी मी. तू दहा वर्षांची व्हायचीस त्या चुलीपुढं, मी त्याच चुलीपुढं सोळाव्या वर्षी म्हातारी झाले. तुझ्या आईनं मला वाईट वागवलं असं नाय, पण चांगलं वागवायला तिला पण कुणी शिकवलं नव्हतं. खोली वाढवली तेव्हा भरणीची माती घमेल्यानं मी वाहिली, केतन पोटात असताना. तुझ्या भावानं लादी बसवली म्हणतेस, ती पुसली कुणी? तुला हे आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वैनीला माझं माहेर नकोसं झालं. खरंच झालं होतं. म्हणून मी तुला रिक्षात बसवलं. डॉक्टर, वेळ, सगळं त्याच्या वरचं पांघरूण.

एवढा आनंद असून पाडायला मात्र माझं मन घेत नाय, आन् ते चांगुलपणानं नाय हां. घर पाडलं की तुझी ओटी, तुझी सही, मी उठवलेलं ताट, सगळं त्याखाली गाडलं जाईल आन् मी पाचव्या मजल्यावर मोकळी. मला एवढं सोपं सुटायचं नाय. घर उभं राहिलं तर तू त्या रस्त्यानं जाशील, निळं फाटक बघशील आन् मला शिव्या देशील. दे. शिव्या द्यायला तरी तुला जागा पायजे. सात मजल्यांपुढं मान खाली घालून जाशील म्हणतेस, ती मान मला बघवायची नाय.

म्हणून काल भावेशला नाय सांगून आले. तुझ्या मनाविरुद्ध सांगून आले, जनी. परत तुला डावलून केलं, पण या खेपेला तुला सांगून केलं. भावेश म्हणाला, "काकी, पस्तावाल." मी म्हटलं, "त्याची सवय हाय." गोऱ्या बाईला नमस्कार सांगितला.

केतन बोलत नाय. काल रात्री ताटावरून उठला. मनस्वीनं ताट झाकून ठेवलं आन् मला म्हणाली, "दुसरा मजला म्हणजे अठरा पायऱ्या आणि परत अठरा, आई. मध्ये एक खुर्ची ठेवू." एवढंच. अनुया म्हणते, मी तुला रोज हात धरून नेईन. रोज म्हणजे आठवडाभर, मला ठाऊक हाय. लिफ्टची आठवण येते, खोटं कशाला बोलू? काल स्वप्नात पण वर गेले.

रेवाला मनस्वीच्या मोबाईलावरून कळवलं. ती दोघं लगेच आली. स्वानंद बँकेचं पत्र घेऊन आला, त्याला पण घाई. ते पत्र थोड्याच दिवसांचं असतं म्हणाला. रेवानं आल्याआल्या विचारलं, "त्या आजी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "त्या म्हणाल्या पाडा." मंग म्हणाली, "त्या आल्या तर मी पाणी विचारणार नाही. त्यांचं त्या घेतील." तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाय, शपथ. तिचं तिलाच सुचलं.

तू येशील का, मला ठाऊक नाय. न येण्याचा तुला हक्क हाय, तो कुठल्या कागदावर सोडून दिलेला नाय. पण आलीस तर आदल्या दिवशी, बुधवारीच ये. घाई करणार नाय, ताट उचलणार नाय, डॉक्टरचं नाव काढणार नाय. त्यांच्या आधी मनस्वी तुझी ओटी भरेल. खण कुठल्या रंगाचा ते तू पनवेलच्या बाजारात निवड, आपण दोघी जाऊ. आन् मंग त्यांच्यासमोर पडवीत बसून मला काय बोलायचं ते बोल, तुला ऐकू येत नाय म्हणून मी पण उलट बोलणार नाय.

हे पत्र अनुया आजच स्पीडपोस्टानं, म्हणजे ते लवकर पोचतं ते, त्यानं टाकणार हाय.

बयाणा द्यायला ती दोघं दसऱ्याला येतो म्हणून सांगून गेलीत. गुरुवार, दोन तारीख, सकाळी दहाला.

वेणू